सीतानच्या छपरातली पिलं

मी एक म्हातारी मुनिया आहे, मित्रांनो. पिसं विस्कटलीत, चोचीचा लाल रंग तेवढा टिकून आहे. आफ्रिकेतल्या माली देशाच्या गवताळ माळावर, सीतान नावाच्या बाईच्या छपरात मी जन्मले. ती बाजरी कांडायची आणि उखळाबाहेर उडालेले दाणे आम्ही टिपायचो. दाराशी आलेल्या मुनियेला तिथे कोणी हाकलत नाही. तान्हं मूल गेलं तर त्याचा जीव आमच्यात येतो, असं ती माणसं मानतात. खरंखोटं मला ठाऊक नाही. त्या समजुतीवर माझं पोट भरलं, एवढं खरं.

एका वर्षी सीतानचं बाळ सहाव्या दिवशी गेलं. बारसं तिथे आठव्या दिवशी असतं, आणि बिननावाच्या बाळासाठी मोठ्याने रडायचं नाही अशी रीत. ती रडली नाही. त्याच सुमारास छपरात माझी चार पिलं अंड्यांतून बाहेर आली. कांडता कांडता ती मान वर करून त्यांचा आवाज ऐकत राहायची.

पुढे आभाळ भरून येऊ लागलं, तसा तिचा नवरा झुमाना कुलिबाली कुजकं छप्पर उतरवायला कोयता घेऊन वर चढला. माझा जीव टांगणीला लागला.

"अहो, आठ दिवस थांबा. पिलं उडू द्या," सीतान म्हणाली.

"आणि पावसाला कोण थांबवणार? तू?"

त्याने पहिली पेंढी ओढली. तेवढ्यात शेजारचा म्हातारा बाकारी दियारा काठी टेकत आला. दियारा कुळातल्यांनी कुलिबाली कुळातल्यांना चवळीखाऊ म्हणून टर उडवायची, हवं ते मागायचं, आणि कुलिबालींनी रागवायचं नाही, हे तिथे पूर्वापार चालत आलेलं.

"ए चवळीखाऊ, उतर खाली," बाकारी म्हणाला. "ते छप्पर आठ दिवस मला हवंय."

"तुला कशाला रे, बोळक्या?"

"चवळी खाऊन तुझी नजर गेलीय म्हणून. बायकोकडे बघ जरा."

झुमानाने खाली पाहिलं. सीतानच्या हातातलं मुसळ थांबलं होतं. तो कोयता घेऊन उतरला.

पाचव्या दिवशी पाऊस आला. घर गळलं, धान्य भिजलं. झुमानाने आपली चटई उचलली आणि पेंढी ओढली होती त्या, माझ्या घरट्यालगतच्या भोकावर नेऊन टाकली.

आठव्या दिवशी पिलं उडाली. शेवटचं धडपडत अंगणात पडलं. सीतानने ते ओंजळीत घेतलं.

"बाळाचं नाव काय ठेवणार होतीस?" झुमानाने विचारलं.

"तुमच्या वडिलांचं. न्यानकोरो."

नाव उच्चारलं आणि ती मोठ्याने रडली. कोणी अडवलं नाही. पिलू माझं होतं, मित्रांनो. मी कुंपणावरच बसून होते, पण तिचं रडून होईपर्यंत त्याला हाक मारली नाही.

छप्पर उतरवण्याआधी आत हात घालून बघत चला. आणि जिचं मूल गेलंय, तिला त्याचं नाव विचारत चला.