तवंगावरचा कागद

आमच्या बेटावर चाळिशी उलटलेली आणि पित्ताशय जागेवर असलेली बाई कुणी मला दाखवावी, मी त्याला माझी मेंढी देते. डुकराची चरबी, बटाटे आणि थंडी, दुसरं इथे आहे काय? त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला ओतिलियाच्या पोटात कळ उठली आणि ती भिंत धरून खाली बसली, तेव्हा शेजारपाजारचं कुणी घाबरलं नाही. "खडे असणार," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. खडेच होते. डॉक्टरांनी पोटाला चार भोकं पाडून पित्ताशय काढलं आणि तिसऱ्या दिवशी तिला घरी पाठवून दिलं.

नवल घडलं ते त्यानंतर. तिचा नवरा रेमिहिओ साल्मन माशांच्या पिंजऱ्यांवर कामाला. चौदा दिवस दूर दक्षिणेच्या खाड्यांमध्ये पाण्यावर, चौदा दिवस घरी. घरच्या चौदा दिवसांत टेबलापाशी बसून "आज काय केलंयस?" एवढं विचारायचं, यापलीकडे स्वयंपाकाशी त्याचा संबंध नव्हता. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने साधं अंडं उकडलं नव्हतं. लेकीच्या, यास्नाच्या वेळी ओतिलियाचं पोट कापून बाळ काढावं लागलं. तेव्हा हा गडी आठवडाभर पाव आणि डब्यातले मासे खाऊन राहिला आणि आठव्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "ओती, आता उठवतं का गं तुला?" असला माणूस!

तोच माणूस रजा काढून घरी राहिला, बाह्या वर सारल्या आणि लोखंडी चुलीपुढे उभा राहिला. ओतिलिया पलंगावरून उघड्या दारातून बघत होती. तिला वाटलं, भुलीचं औषध अजून उतरलेलं नाही.

पहिले दोन दिवस कोंबडीचा गाळलेला अळणी रस्सा आणि जेली. मग मऊ पांढरा भात, त्यावर किसून शिजवलेलं गाजर. मग सालं काढून शिजवलेलं सफरचंद, दालचिनीचा एवढासा तुकडा घालून. कोंबडीची कातडी तो नखाने सोलून काढी आणि मांजरालासुद्धा बाहेर नेऊन घाली, घरात वास नको म्हणून. दूध नाही, कोबी नाही, शेंगा-डाळी नाहीत, अंड्यातलं पिवळं महिनाभर बंद. शेजारीण मोठ्या प्रेमाने चरबीत तळलेले बटाट्याचे मिलकाओ घेऊन आली, तर त्याने ते तिच्याच हातात परत दिले. "जीव घ्यायचाय का तिचा?" म्हणाला.

आणि तो कागद! रस्सा उकळून खाली घेतला की तो पावाच्या पिशवीचा खाकी कागद तळहाताएवढा फाडायचा, रश्श्याच्या तोंडावर अलगद पसरायचा आणि एका टोकाने ओढून घ्यायचा. सगळा तवंग कागदाला चिकटून वर. तीन वेळा तीन कागद. मग ते चुलीत टाकायचे. चरबीने आग भसकन वर यायची आणि तो न बघताच अर्धं पाऊल मागे सरायचा.

"कुठे शिकलास रे हे?" ओतिलियाने विचारलं.

"हॉस्पिटलातल्या बाईने कागद दिला होता ना, काय खायचं त्याचा. त्यात सगळं लिहिलंय."

"भांड्यावर पावाची पिशवी घाला, असं लिहिलंय?"

"सगळं लिहिलंय गं. तू खा."

ती खात होती. खाता खाता तिचे डोळे भरून यायचे. तिने पुंता आरेनासला लेकीला फोन लावला आणि म्हणाली, "यास्ना, तुझा बाप बदलला गं. मी मरता मरता वाचले तेव्हा कुठे त्याला कळलं." एकोणपन्नासाव्या वर्षी का होईना, आपल्याला नवरा मिळाला, असं तिला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात ती जितकी सुखात होती तितकी लग्नाच्या वर्षीही नव्हती.

सहाव्या दिवशी दुखण्याची गोळी शोधताना तिच्या हाताला पर्सच्या आतल्या कप्प्यात एक घडी लागली. हॉस्पिटलचा तोच कागद, डिस्चार्जच्या कागदाला टाचणीने जोडलेला, जसाच्या तसा. उघडलेलासुद्धा नाही. रेमिहिओने तिच्या पर्सला सव्वीस वर्षांत हात लावला नव्हता. ती क्षणभर कागद हातात धरून बसली. मग मनाशीच म्हणाली, असेल, त्याला वेगळा दिला असेल. आणि गोळी घेतली. माणसाला सुख टाकवत नाही, दुसरं काय!

रविवारी दुपारी नोल्फा आली. नोल्फा म्हणजे यास्नाची धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी पोरीला हातात धरणारी. त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, सख्ख्या बहिणीहून जवळच्या. नोल्फा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी तिचंही हेच ऑपरेशन झालं होतं, पलीकडे मुख्य भूमीवर, पुएर्तो मोंतला. तिला दारात बघून रेमिहिओ म्हणाला, "बसा, मी लाकडं फोडून येतो," आणि कुऱ्हाड घेऊन मागे गेला. लाकडं आदल्या दिवशीच फोडून रचलेली होती.

"काय गं कोमाद्रे, रिकामी झालीस ना एकदाची!" नोल्फा पलंगाच्या कडेला टेकत म्हणाली. "माझे चौदा खडे निघाले होते. तुझे किती?"

"नऊ. पण मोठे होते."

"कशातच मागे राहायचं नाही हिला!"

दोघी हसल्या. ओतिलियाने टाक्यांवर उशी दाबून धरली. चुलीवरचा रस्सा उतू जायला आला, तशी नोल्फा उठली. "बस तू, मी बघते." तिने भांडं खाली घेतलं. बोलता बोलता हात लांब करून टेबलावरची पावाची पिशवी ओढली, तळहाताएवढा कागद फाडला, रश्श्यावर पसरला, एका टोकाने ओढला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही चुलीत टाकले. आग भसकन वर आली आणि नोल्फा न बघताच अर्धं पाऊल मागे सरली.

ओतिलियाने आवाज साधा ठेवला. "रेमिहिओ अगदी असंच करतो. तू शिकवलंस का त्याला?"

आता बघा. नोल्फाने नुसतं म्हणायचं होतं, हो गं, दुकानात भेटला तेव्हा सांगितलं. विषय तिथेच मिटला असता. ओतिलिया तर हो ऐकायला टपून बसली होती, मनातल्या मनात तिला हो म्हणायला विनवत होती. पण नोल्फाच्या मानेवर लाली चढली.

"मी? छे! मला कुठे भेटतो तो? दोन वर्षं झाली असतील धड बोलून."

चहा अर्धा टाकून ती गेली. मांजरांना खायला घालायचं राहिलंय, म्हणाली.

मागे कुऱ्हाडीचा आवाज चालू होता. ओतिलिया पलंगावर बसून दिवस मोजू लागली. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. त्याच ऑगस्टमध्ये आई गेली. पाच दिवस ती जाता जात नव्हती. आईचा जावयावर फार जीव. डोळे उघडले की एकच, "रेमिहिओ आला का?" रेमिहिओचा फोन आला होता, इथे समुद्र खवळलाय, बंदर बंद केलंय, कुणाला सोडत नाहीत. आणि नोल्फाचा निरोप आला होता, कोमाद्रे, माझं ऑपरेशन झालंय, अंथरुणातून उठवत नाही, फुलांचं चक्र पाठवते. चक्र आलं. पांढरी फुलं होती. आईला ओतिलियाने एकटीने न्हाऊ घातलं, एकटीने पुरलं. रेमिहिओ उगवला तो पुरल्यानंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेतल्या सातव्या दिवशी. दारातच ढसाढसा रडला, आणि तिनेच त्याला जवळ घेऊन समजावलं, "तुझ्या हातात काय होतं रे?"

रेमिहिओ लाकडांची मोळी घेऊन आत आला. चुलीपाशी ठेवली, हात धुतले, गाजर किसायला घेतलं. तिची पाठ भिंतीला टेकलेली होती. ती सहज म्हणावं तसं म्हणाली.

"नोल्फा म्हणत होती, ऑपरेशननंतर तिला गाजर मुळीच सोसलं नव्हतं."

"गाजर नाही, भोपळा," तो किसता किसता म्हणाला. "गाजर तर ती आवडीने..."

किसणी थांबली. चुलीत एक लाकूड तडकलं.

"बोल ना," ओतिलिया म्हणाली. "आवडीने खायची. कोण भरवायचं?"

"ओती..."

"ओती म्हणू नकोस मला. किती दिवस होतास तिथे?"

तो वळला. हातात अर्धं गाजर तसंच. "ती एकटी होती गं. तिच्या बहिणीचं तिथलं घर रिकामं होतं. तिला कोण होतं?"

"आणि मला कोण होतं?" ती एवढ्या जोराने ओरडली की टाके ओढले गेले आणि ती वाकली. तो पुढे आला, तिने हात वर करून त्याला थांबवलं. "आईच्या उशाशी मला कोण होतं, रेमिहिओ? पाच दिवस ती तुझं नाव घेत होती. पाच दिवस मी तिला सांगत होते, आई, समुद्र खवळलाय, बंदर बंद आहे, तो निघालाय, येतोच आहे. शेवटच्या दिवशी तिने मान वळवून खिडकीतून पाणी बघितलं आणि मला म्हणाली, अगं, समुद्र तर शांत आहे. आणि मी म्हणाले, इथे शांत आहे आई, तिकडे नाही. मरणाऱ्या माणसाला मी तोंडावर खोटं सांगितलं. तुझ्यापायी! तिने ते ओळखलं असेल, म्हणून ती पुन्हा तुझं नाव न घेता गेली. आणि तू तिकडे गाजर किसत होतास."

त्याने हातातल्या अर्ध्या गाजराकडे बघितलं.

"केसाने गळा कापलात दोघांनी. ती माझ्या पोरीची धर्ममाता, आज माझ्याच पलंगावर बसून माझ्याशी हसली. आणि तू! तिच्यावर शिकून आलास आणि तेच मला भरवलंस. मी रडत रडत खाल्लं रे ते. लेकीला फोन करून सांगितलं."

"आता ते सगळं संपलंय, ओती. केव्हाच संपलंय. तुझ्यासाठी मी मनापासून..."

"नीघ इथून."

त्याने गाजर टेबलावर ठेवलं. कोट घातला. दारापाशी थांबला, टोपी हातात चुरगळत. "रस्सा तयार आहे. तवंग काढल्याशिवाय पिऊ नकोस कधी. आणि अंडं..."

"रेमिहिओ!"

दार लागलं.

ती भिंत धरून उठली, दोन्ही हातांनी भांडं उचललं, एक पाऊल, दुसरं पाऊल करत मागच्या दारी गेली आणि तो सगळा रस्सा डुकराच्या कुंडात ओतला. किसलेलं गाजर त्याच्या मागून. डुकराने तोंड खुपसलं. टाके भगभगत होते.

मग भूक लागली. दुपार टळून गेली होती आणि पोटात सकाळच्या सफरचंदाशिवाय काही नव्हतं. तिने पर्समधून हॉस्पिटलचा कागद काढला, टाचणी सोडवली, घडी उलगडून चुलीच्या कडेला ठेवला. त्यावर लिहिलं होतं, पांढरा भात, तेल-चरबीशिवाय. आयुष्यभर तिने भात आधी चरबीत परतून केला होता. तांदूळ पांढरे झाले की पाणी घालायचं, एवढंच तिच्या हाताला माहीत. चरबीशिवाय पाणी किती आणि आच किती, ते तिला येत नव्हतं. तिने अंदाजाने घातलं. मीठ दोनदा पडलं.

भात खाली लागला. वरचा कच्चा, तळाचा करपलेला. तिने ताटलीत वाढून घेतला, खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. बाहेर पाणी शांत होतं. तिने एक एक घास चावून चावून खाल्ला आणि शेवटी चमच्याने तळ खरवडून तोही खाल्ला.