तळसगाव, बाहेरून

मार्गपत्रक, पहिली प्रत:
कंपनीचे गेट. मोशीपर्यंत डांबरी. इंद्रायणीचा पूल. पूल उतरून उजवीकडे गाडीवाट. तळसगाव, बाहेरून. ओढा. बांधाबांधाने चाकण. किल्ला.

एवढं लिहायला साहेबरावला सात रविवार लागले. भोसरीहून धावत निघायचं, शंभर पावलं झाली की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचा, आणि दहा-अकरा मैलांनी चाकणच्या पडक्या भुईकोटापाशी बसून खडे मोजायचे. शेतातली माणसं विचारायची, मागं कोण लागलंय. तो म्हणायचा, कंपनी.

खोटं नव्हतं ते. १९७४ साल. कंपनीला दहा वर्षं होणार होती. थोरले साहेब जर्मनीला जाऊन आले होते. तिकडं म्हणे माणसं सुट्टीच्या दिवशी शेतांतून, जुन्या गावांतून नुसतीच धावतात, पोटापाण्याचं काही काम नसताना. आपल्याकडंही तसं व्हावं असं त्यांच्या मनानं घेतलं. शर्यत ठरली. नोटीसबोर्डावर शेवटची ओळ अशी होती: टेम्पररी कामगारांपैकी जो पहिला येईल त्यास कायम करण्यात येईल.

साहेबराव सहा वर्षं टेम्पररी होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग नवं कार्ड, जणू माणूस कालच जन्माला आला. तळसगावाहून पहिल्या शिफ्टला एस्टी नव्हती, म्हणून तो रोज डबा पाठीला बांधून धावत कामावर यायचा. अख्ख्या शॉपला, म्हणजे खात्यातल्या सगळ्यांना, हे ठाऊक होतं. म्हणूनच कामगारांची भरती बघणाऱ्या पर्सनल साहेबांनी वाट आखायला त्याला सांगितलं. बिनपगारी. वर म्हणाले, तुझा सरावही होईल. साहेबरावला वाटलं, बोर्डावरची ती ओळ आपल्यासाठीच लिहिली आहे. वाटण्यात फारशी चूक नव्हती. बोर्डासमोर उभ्या राहिलेल्यांत त्याच्या पुढं जाईल असा गडी एकही नव्हता.

*

तपासणी.

पर्सनल साहेब जीपमधून वाट बघायला आले. पुण्याचे होते, इतिहासाची आवड होती, वाईट माणूस नव्हते. तळसगावाच्या मागं जीप थांबली. एका बाजूला उकिरडे, दुसऱ्या बाजूला निवडुंग, मधून हातभर पायवाट.

त्यांनी विचारलं, गावात काही बघण्यासारखं नाही का?

साहेबराव म्हणाला, वेस आहे. दगडी. तिच्या आत पायऱ्यांची विहीर आहे, नगारखाना आहे.

"मग लोकांना उकिरडा कशाला दाखवतोयस?"

साहेबांनी पत्रक पुन्हा वाचलं आणि मघाशी लक्षात न आलेली गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पुलाजवळच्या वस्तीत वाट देवळाच्या पाठीमागून होती. चाकणात बाजारपेठेच्या पाठीमागून. दहा-अकरा मैलांत जिथं जिथं जुनं, नावाजलेलं काही होतं, तिथं तिथं साहेबरावची वाट अदबीनं वळसा घालून गेली होती.

त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. खरंच नव्हतं. तो पायांना विचारत गेला होता आणि पायांनी त्यांना येत होतं ते सांगितलं होतं.

*

पायांचं असं:

साहेबरावचा आजा तळसगावाचा वेसकर. वेशीची राखण त्याची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकायचा मान त्याचा, आणि बसायची जागा वेशीबाहेर. काम असेल तर आत जायचं, पायातलं हातात घेऊन. काम नसेल तर बाहेरून. पुढं घराण्यानं धम्म घेतला, गावकीची कामं सोडली. म्हणजे आत जायला होतं ते एकमेव कारणही सुटलं. साहेबराव शाळेत गेला तो बाहेरून, कंपनीत गेला तो बाहेरून. आपण वळतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. नदीला कुठं ठाऊक असतं?

*

मार्गपत्रक, दुसरी प्रत, टंकलिखित:
तळसगाव, वेशीतून. तपासणी शिक्का क्र. २, श्री. बन्सी.

बन्सी म्हणजे गावात वेशीलगत राहणाऱ्या तात्याबाचा मुलगा, स्टोअरमध्ये कायम. पक्क्या मालावर मारतात तो शिक्का घेऊन त्यानं वेशीत उभं राहायचं आणि येणाऱ्याच्या मनगटावर उठवायचा. पूल, वेस, ओढा असे तीन शिक्के. तीन असतील तर माल पास.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तात्याबा स्वतः वस्तीवर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"साहेबा, उद्या आतून ये बरं का. बिनघोर ये. तसलं काय आता ऱ्हायलं न्हाई."

साहेबराव व्हय म्हणाला. तात्याबा गेल्यावर आई, भिमाबाई, कांदे निवडतच राहिली. तात्याबाच्या कांदाचाळीतला कांदा निवडण्यात तिचा जन्म गेला होता.

"तसलं काय न्हाई, हे सांगाया मानूस घरी आला व्हय," ती म्हणाली. मग पुढचा कांदा उचलून: "आत गेलास तर थांबू नगं. पळ."

*

शर्यत.

गेट. डांबर. मोशी. चाळीस गडी मागं, मग वीस, मग नुसते आवाज. पुलावर पहिला शिक्का. गाडीवाट. मागं फक्त पेंट शॉपचा विलास, तोही हाकेच्या अंतरावर. श्वास चार पावलांना एक. सगळं रोजच्यासारखं, फक्त पाठीवर डबा नाही.

वेस दिसली.

बन्सी शिक्का धरून. कमानीला आंब्याचा टाळा. ओट्यावर पाण्याची घागर, पालथे घातलेले स्टीलचे पेले. घागरीजवळ तात्याबाची बायको, कुशाबाई. तिनं साहेबरावला पाहिलं.

शंभर पावलं. आज आतून.

साठ. तिनं पेल्याला हात लावला नाही.

चाळीस. तिनं तांब्या बुडवला. उचलला. खांद्याच्या वर उचलला.

पेल्यात ओतणार असेल. सांडू नये म्हणून वर धरला असेल. की वरूनच, ओंजळीत? थांबायचं नाही, पळ. पण पाणी पुढं केलं आणि घेतलं नाही तर माजला म्हणतील. घेतलं तर. वीस पावलांत एवढा विचार कुठं मावतो?

दहा.

पाय डावीकडं वळले. निवडुंग. उकिरडे. हातभर पायवाट.

मागून बन्सी ओरडला का, ते त्याला ऐकू आलं नाही.

*

किल्ल्यापाशी साहेबराव पहिला आला. विलास त्याच्या मागं दीडशे पावलांवर होता. टाळ्या झाल्या, हार निघाला, आणि मग पर्सनल साहेबांनी त्याचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. दोन शिक्के.

तोवर बन्सी कंपनीच्या जीपमधून पोचला होता. साहेबांनी त्याला विचारलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, वेशीत आलाच नाही, आडवाटेनं कटला.

"आडवाट लांबची हाय," साहेबराव म्हणाला. "वळसाच तीनशे चाळीस पावलांचा हाय, साहेब. मी मोजल्यात."

"मग जास्तीच्या वाटेनं कशाला गेलास?"

आजूबाजूला शंभरेक माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना उत्तर ठाऊक होतं. तळसगावाची माणसं किल्ल्याचा बुरूज कौतुकानं बघू लागली. साहेबरावच्या मनात आलं, सांगावं: एका बाईनं तांब्या वर उचलला, म्हणून. मोठ्यानं सांगितलं असतं तर ते वेड्यासारखं वाटलं असतं. तिनं केलं काय होतं? पाणी उचललं होतं. तात्याबानं तर घरी येऊन आमंत्रण दिलं होतं. गावावर ठेवायला बोटभर ठपका सापडेना.

"सवयीनं," तो म्हणाला.

साहेब हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. नियम म्हणजे नियम, एवढंच म्हणाले.

हार विलासला गेला. पुढल्या महिन्यापासून विलास कायम. संध्याकाळी ट्रकमध्ये तो साहेबरावशेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "राव, पुढं तूच होतास." साहेबराव म्हणाला, हे तिथं का नाही बोललास. पुलाअलीकडं गाडीवाट आली तसा साहेबराव उतरून गेला.

पंधरा दिवसांनी साहेबरावला ब्रेक मिळाला. या खेपेला ब्रेकनंतरचं कार्ड आलं नाही.

*

मार्गपत्रक, तिसरी प्रत. दुसऱ्या वर्षाची.

शर्यत साहेबांना आवडली होती, ती दर वर्षी घ्यायचं ठरलं. कुणी वाट चुकू नये म्हणून या खेपेला सगळीकडं चुन्याच्या फक्कीची रेघ मारायची होती. बन्सीनं निरोप धाडला: वाट तुझ्या पायाखालची आहे, रोजंदारीवर येतोस का? साहेबराव गेला. कांद्याचा हंगाम संपला होता, भिमाबाईचे हात रिकामे होते.

रेघ ओढत ओढत दुपारी तो वेशीपाशी आला. हातात पाटी, पाटीत फक्की. पाय एकदाही अडखळले नाहीत. कमानीखालून तो सरळ आत गेला. ओट्यावर तात्याबा बसला होता, त्यानं मान हलवली. कुणी हटकलं नाही. हटकणार कशाला? कामाला आत यायला या घराण्याला गावाची कधीच ना नव्हती.

आत बघण्यासारखं म्हणजे विहीर बुजत आली होती. नगारखान्यावर कुणीतरी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या. यासाठी एवढा वळसा, असं त्याच्या मनात आलं आणि तिथंच राहिलं.

ऊन फार होतं. कुशाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. म्हणाली, उन्हात राबतोयस, पाणी पी बाबा. आवाजात माया होती. खोटी नव्हती.

पेले तिच्यामागं फळीवर होते.

तिनं तांब्या वर उचलला.

साहेबरावनं पाटी खाली ठेवली. फक्कीचे पांढरे हात धोतराला पुसले, ओंजळ केली आणि वाकला. पाणी गार होतं. तो पोटभर प्याला. तोंड पुसून त्यानं पाटी उचलली आणि रेघ जिथं तुटली होती तिथून पुढं नेली.

वेशीतून, एकेचाळीस पावलं. सरळ.