रुमोइला न गेलेली लाल गाडी

मित्रांनो, आज माझ्या टपावर वीतभर बर्फ साचला आहे आणि तो झटकायला कोणी येणार नाही. मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. रंग लाल, आसने दोनच. जपानच्या उत्तरेला होक्काइदोतल्या बिएइ गावात, एका पत्र्याच्या गॅरेजच्या मागे मी उभी आहे.

माझा पहिला मालक तोक्योचा होता. हौस फिटल्यावर त्याने मला विकले आणि मी गेन्पेइ काजिवारा यांच्याकडे आले. त्यांनी उभा जन्म शाळेची बस चालवली होती. "आयुष्यभर पोरं सांभाळत हळू चालवली. आता जरा वारा खाऊ दे," असे ते पत्नीला म्हणाले.

"खा की. पण मला त्यात बसवू नका," तामिएबाई म्हणाल्या. "या वयात लाल गाडीतून फिरले तर भाजीवालीसुद्धा हसेल मला."

त्या मला सवत म्हणत. शरद ऋतूच्या शेवटी गेन्पेइ मला धूत बसले, की त्या दारातून हाक मारत, "अहो, सवतीची आंघोळ आटोपली असेल तर जेवायला या."

आमच्या गॅरेजला ऊब नव्हती. आतले पाणीसुद्धा गोठायचे. पण मित्रांनो, गाडी नुसत्या थंडीने मरत नाही. तिला मारतात ओल, उंदीर आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ. म्हणून मीठ पडण्याआधीच गेन्पेइ मला पोटाखालून धुऊन कोरडी करत. आत ओल धरू नये म्हणून पेट्रोलची टाकी काठोकाठ भरत. बॅटरी काढून घरात नेत, हँडब्रेक सैल सोडत, धुराच्या नळीत बोळा घालत आणि वर सुती चादर पांघरत. मग वसंतात पहिल्या किल्लीलाच मी जागी होत असे.

एका वर्षी कोबी काढायच्या दिवसांत ते अंगणातच कोसळले. त्यांना आसाहिकावाच्या इस्पितळात नेले. माझी जबाबदारी जावयावर, त्यांची मुलगी साओरि हिच्या नवऱ्यावर, शिन्गोवर आली. गेन्पेइंनी त्याला सगळे समजावून सांगितले होते, असे मी नंतर ऐकले.

शिन्गो आला तो पहिला बर्फ पडून गेल्यावर. आधी तो मला घेऊन मित्रांना दाखवायला गेला. मिठाचा चिखल उडवत आम्ही परतलो. त्याने हँडब्रेक करकचून ओढला, बॅटरी तशीच ठेवली आणि वर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली. "धुवू वसंतात," असे पुटपुटून तो गेला.

भर थंडीत तो एकदा फावडे न्यायला आला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"हो बाबा, आत्ता तिच्याजवळच आहे," तो म्हणाला. "एकदम झकास आहे. दर रविवारी बघतो ना. तुम्ही फक्त बरे व्हा."

बोलताना त्याने ताडपत्रीला हातसुद्धा लावला नाही. माझ्या आसनात तेव्हा उंदरांनी घर केले होते.

काही दिवसांनी तामिएबाई गुडघाभर बर्फ तुडवत आल्या. त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "ते म्हणतात, बर्फ गेला की रुमोइला समुद्र बघायला जाऊ. या वेळी मी हो म्हटलं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर फार दिवस देत नाहीत. तेवढं एकदा ने, बाई." मला ओरडून सांगावेसे वाटले, की ही ताडपत्री उचला. पण गाडीला तोंड कुठे असते?

वसंतात गेन्पेइ काठी टेकत आले. बाईंनी नवी टोपी घातली होती. हातात भाताचे गोळे आणि मुळ्याचे लोणचे असलेला डबा होता. शिन्गोने ताडपत्री ओढली. कुबट वास सुटला. गेन्पेइंनी किल्ली फिरवली. माझ्यातून साधा टक् असाही आवाज आला नाही. बॅटरी गोठून फुटली होती, वायरी कुरतडलेल्या होत्या, चाके ब्रेकला धरून बसली होती.

"धुतली होतीस?" गेन्पेइंनी विचारले.

"धुतली की, बाबा. चांगली घासून."

गेन्पेइंनी माझ्या चाकावरच्या कमानीतून बोट फिरवले आणि जिभेला लावले.

"खारट आहे," ते म्हणाले.

शिन्गो ताडपत्री गोळा करू लागला. मग म्हणाला, "शेवटी गाडीच आहे, बाबा. होईल दुरुस्त. तोवर माझ्या गाडीतून जाऊ."

"नको. तू जा घरी."

तो गेल्यावर त्यांनी बाईंना बजावले, "साओरिला यातलं काही कळता कामा नये. तिला त्याच्याबरोबर संसार करायचाय."

बाईंनी कुरतडलेल्या आसनावर रुमाल पसरला आणि त्या पहिल्यांदाच माझ्यात बसल्या. गॅरेजचे दार उघडे ठेवून दोघांनी भाताचे गोळे खाल्ले.

"निघालो का आपण?" बाईंनी विचारले.

"केव्हाच. आता वळण येईल, धरून बस."

बाईंनी खरोखरच दाराची कडी धरली.

बटाट्याला फुले आली तेव्हा गेन्पेइ गेले. माझे सुटे भाग अजून यायचे होते. अंत्यविधीच्या दिवशी शिन्गो पाहुण्यांना गॅरेजमध्ये घेऊन आला आणि डोळे पुसत म्हणाला, "हिवाळाभर मी हिला लेकरासारखं जपलं." साओरिने अभिमानाने त्याचा हात धरला. तामिएबाई चहाचा ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी पेला पुढे केला आणि एवढेच म्हटले, "घे. गार होईल."

पुढे शिन्गोने नवी गाडी घेतली. तिच्यासाठी गॅरेजमध्ये हीटर बसवला आणि मला मागे ढकलले.

मित्रांनो, थंडीवर माझा राग नाही. ती दरवर्षी येते आणि कोणालाही खोटे वचन देत नाही. तुमच्याकडे कोणी काही सोपवले, तर "हो, बघून आलो" असे म्हणण्याआधी खरोखर जाऊन बघा. तुमच्या त्या एका शब्दावर कोणीतरी आपला शेवटचा हिवाळा काढत असते.