मिठाचा बगळा

हेमालीने सासऱ्याच्या तळहातावर आवळ्याची सुपारी ठेवली आणि ती तोंडात जाईपर्यंत त्याचा हात सोडला नाही.

"चघलत बसा, बाबा. आज तोंडातून आवाज न्हाय काढायचा. हूं का चूं न्हाय. माज्या गल्याची शपत."

दत्तात्रेयाने मान हलवली. शपथ घालण्याइतकं झालं होतं तरी काय? मागच्या पालकसभेत तपासणीच्या साहेबांनी शाळेची घंटा कुठे गेली म्हणून विचारलं, तेव्हा खाडीतल्या एका खेकड्याने ती टोपीसारखी डोक्यावर घालून नेली, असं त्याने सांगितलं होतं. साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं, यात त्याचा काय दोष? पण गावातल्या बायका महिनाभर हेमालीला 'खेकड्याची सून' म्हणत होत्या.

आज शाळेत शिक्षक-पालकांसाठी बालसाहित्याचा मेळावा होता. बोर्ली पंचतनपासून शिक्षक एसटी बदलत उरणला पोचले होते. बाकांवर चित्रांची पुस्तकं मांडली होती आणि पालक ती हात पुसून उचलत होते. जेवणाआधी चार शाळांतली चार मुलं गोष्ट सांगणार होती. जी गोष्ट सगळ्यांत आवडेल, तिचं चित्रांसकट पुस्तक निघणार होतं. मिठागराकडच्या या शाळेतलं मूल आजवर असल्या व्यासपीठावर चढलं नव्हतं. इथल्या मुलांची आगरी बोली शुद्ध नाही, असं लोक म्हणायचे. यंदा चौथीतली प्राप्ती चढणार होती. हेमालीने लेकीच्या फ्रॉकला दोनदा इस्त्री केली होती.

मुरुडहून आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका महेरुन्निसाबाई आधी बोलल्या.

"मूल बोलत असतं आणि आपण मध्येच तोंड घालतो. आज एवढी मेहेरबानी करा. ते बोलेल तेव्हा आपण अगदी गप्प."

सगळ्यांना ते पटलं. पहिल्या तीन मुलांनी पाठ केलेल्या गोष्टी धडाधड सांगितल्या. मग प्राप्ती उभी राहिली, तेव्हा सभागृहात इतकी शांतता होती की पंखासुद्धा आगाऊ वाटावा.

"एक व्हता बगला," ती म्हणाली. "मिठागरात एका पायावर उबा ऱ्हायचा."

आणि थांबली.

लोक वाट बघू लागले. प्राप्तीही वाट बघू लागली. तिच्या वर्गाच्या प्रणालीबाईंनी कडेने ओठ हलवून पुढचं वाक्य सुचवलं. प्राप्तीने मान हलवली. विसरले नाही, अशी. मागच्या रांगेत कुणीतरी हळहळलं, "घाबरली बिचारी."

ती घाबरलेली नव्हती, हे दत्तात्रेयाला पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी ओटीवर त्याने तिला शेकडो थापा ऐकवल्या होत्या, त्या एकाच अटीवर. ऐकणाऱ्याने दर वाक्याला 'हूं' द्यायचा. हूं नाही, तर गोष्ट पुढे जात नाही. घरात हूं देणारी प्राप्ती एकटीच. मुलगा अल्पेश ट्रेलर घेऊन रस्त्यावर, आणि हेमाली आत भाकऱ्या थापत असायची. तिला कुठला वेळ? कधी ऐन रंगात थापण्याचा आवाज थांबायचा, तेव्हा पीठ संपलं असेल, असं तो धरून चालायचा.

आता शंभर माणसं समोर होती आणि एकाचाही हूं नव्हता.

प्राप्तीचे डोळे त्याच्यावर येऊन थांबले. त्याने सुपारी या गालातून त्या गालात फिरवली. गळ्यात हूं येऊन बसला होता. पण शेजारी हेमाली होती आणि तिच्या गळ्याची शपथ होती. आयुष्यात हजार थापा मारल्या, शपथ मात्र एकही मोडली नव्हती. त्याने धोतराचा सोगा मुठीत धरला. प्राप्ती अजून त्याच्याकडेच बघत होती.

"हूं," हेमाली म्हणाली.

दत्तात्रेयाने मान वळवली. ती समोरच बघत होती. पदर नीट करून पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, "हूं!"

प्राप्तीचा चेहरा उजळला.

"उबा ऱ्हाऊन ऱ्हाऊन त्याच्या पायावर मीठ चरलं."

"हूं," आता प्रणालीबाईही. मग मागची रांग. मग पुस्तकं हातात धरलेले मास्तर.

मीठ गुडघ्यापर्यंत चढलं, मग पंखांवर, मग चोचीवर. दत्तात्रेय मनातल्या मनात पुढे धावत होता. त्याच्या गोष्टीत बगळा पावसात विरघळायचा. पण प्राप्तीने पाऊस येऊच दिला नाही. मिठागरावर भराव पडला, बंदर झालं, आणि क्रेनवाल्याने पांढरा बगळा बघून कंटेनरमध्ये घातला. बोट दुबईला गेली. तिथे बगळ्याची चोच रश्श्यात बुडवली, आणि जो जो जेवला तो तो उठून आगरी बोलू लागला. शेख बायकोला म्हणाला, "काय गो, जेवलीस का?"

सभागृहात हशा फुटला. दत्तात्रेय तोंडावर मूठ धरून गदगदत होता. ही थाप त्याची नव्हती. त्याच्यापेक्षा मोठी होती.

महेरुन्निसाबाईंनी डोळे पुसत माइक घेतला. "पुस्तक हिचंच. आणि ही बोलली तस्संच छापायचं. एक काना इकडचा तिकडे नको."

जेवणाच्या रांगेत तेच तपासणीचे साहेब पानात वाटाण्याची उसळ घेऊन समोर आले. दत्तात्रेयाला ओळखून हसले. "काय आजोबा, घंटा मिळाली का मग?"

दत्तात्रेयाने गालातल्या सुपारीकडे बोट दाखवलं. तोंड बंद. त्याने सुनेकडे पाहिलं.

"न्हाय ना, साहेब," हेमाली म्हणाली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "त्या खेकऱ्याकरंच हाय. भरतीला वाजवतो रोज सांजचा. मी भाकऱ्या थापायची थांबून ऐकतंय."

साहेबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. हेमाली तिथेच थांबली आणि सासऱ्याकडे बघू लागली.

दत्तात्रेयाने सुपारी गिळली.

"हूं," तो म्हणाला.