बागेतलं स्थळ

मुलगी बघायला वृषभ आजवर घरोघरी हिंडला होता. बागेत जायची ही पहिलीच खेप. बेळगावात कॅम्पाच्या बाजूला एका बागेत दर जानेवारीत गाण्यांचा आणि खाण्याचा मेळा भरतो. "घरच्यांच्या गराड्यात बोलणं होत नाही, तिथंच भेटू," असा मुलीचा निरोप आला, तेव्हा त्याची आई कांताबाई हरखून जैन बस्तीत, देवळात, दर्शनाला जाऊन आली. सदलग्यात नदीकाठची जमीन, दारात ट्रॅक्टर, पोराला सुपारीचंही व्यसन नाही. पण शेतकरी म्हटलं की स्थळं पाठ फिरवायची. असं करत वृषभनं पस्तिशी ओलांडली होती.

श्रद्धा विम्याच्या कंपनीत नोकरीला होती. ती आली, हसली आणि त्याला धीर आला. स्टेजवर गिटारवाल्या पोरांनी असा दणका लावला होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. दोघं नुसतीच स्टॉल धुंडत फिरली. जिथं बघावं तिथं कांदा, आणि जैन म्हणून दोघांनाही तो वर्ज्य. शेवटी वृषभनं एका बाईला कन्नडमधून सांगून बिनकांद्याचं, मसालेदार चुरमुऱ्यांचं गिरमिट करून घेतलं, वर लिंबू पिळायला लावलं. खाताना एक चुरमुरा श्रद्धाच्या हनुवटीला चिकटला. त्यानं खुणेनं दाखवला, तशी ती मनापासून हसली. जमतंय बहुतेक, असं त्याला वाटून गेलं.

तेवढ्यात गाणं थांबलं. दुसरा ताफा चढेपर्यंत बाग जरा निवांत झाली.

"खरं सांगू?" श्रद्धा म्हणाली. "मी पप्पांच्या शब्दाखातर आले. गावात राहणं मला जमायचं नाही."

"मग मी हिकडं येतो की," वृषभ बोलून गेला. "जमीन वाट्यानं लावतो. हितं पडेल ते काम करीन."

"आणि तुमचे वडील?"

"आप्पा आता थकल्यात. किती दिस करणार? पुढंमागं इकायचीच हाय ती."

असलं काही त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. आलं ते थेट तोंडातून बाहेर पडलं, तेही एका परक्या मुलीपुढं.

"तुम्ही इथं आलात तरी नाही हो," श्रद्धा हळू म्हणाली. "तुमच्यात वाईट काही नाही. माझंच मन होत नाही."

"बरं," तो म्हणाला.

पुन्हा ढोल कडाडले. ती हात जोडून गर्दीत गेली. अन्न टाकायचं नाही म्हणून तो उरलेलं, मऊ पडलेलं गिरमिट उभ्या उभ्या खात राहिला.

घरी परतताना चिक्कोडीच्या बसमध्ये आईचा फोन आला.

"कशी हाय रं मुलगी?"

"चांगली हाय."

"मग?"

"न्हाय म्हणाली."

"निपाणीकडचं एक सांगून आलंय…"

"नको आता, आई."

तिनं आग्रह केला नाही. आजवर ती दर वेळी करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनदत्तआप्पांनी त्याला मळ्यात नेलं. मुलीबद्दल एक शब्द विचारला नाही. बांधावरून पुढं चालत, नदीपासून नवी पाइपलाइन कुठून आणायची ते काठीनं दाखवत राहिले.

"एकदा घातली की तुला जलमभर बघाय नको," ते म्हणाले.

"व्हय आप्पा," वृषभ म्हणाला. काठी दाखवेल तिकडं त्याला बघवेना. तो खाली मान घालून त्यांच्या मागनं चालत राहिला.