चाळिसावा ठिपका

पडद्यावर चाळीस ठिपके होते, म्हणजे खाणीच्या बोगद्यात बसवायची चाळीस यंत्रं. धोका जाणवला की पहिलं यंत्र 'बाहेर पडा' असा बिनतारी संदेश, म्हणजे पॅकेट, सोडणार, आणि ते ऐकणारं प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्यांना तेच ऐकवणार. पॅकेट पोचलं की ठिपका हिरवा. तीन महिने तिने संगणकावर उभारलेल्या नकली बोगद्यात, सिम्युलेटरमध्ये, चाळीसच्या चाळीस हिरवे होत होते. त्या चित्रावरच खाणवाले राजी झाले होते. सोमवारपासून यंत्रं बसायची होती. चाळिसाव्या ठिपक्यापाशी, वळणापलीकडे, तिचा दादा दगड फोडायचा.

शुक्रवारी अहवालात सेटिंग्जची यादी उतरवताना तिचा हात थबकला. 'टक्कर : बंद.' पहिल्या आठवड्यात प्रोग्रॅम रखडत चालायचा म्हणून तिनेच ते बंद केलं होतं, आणि चालू करायचं साफ विसरली होती.

तिने ते चालू केलं. शेजारशेजारच्या यंत्रांनी पॅकेट एकाच क्षणी ऐकलं, एकाच क्षणी पुढे सोडलं, आणि ती पॅकेटं हवेत एकमेकांवर आदळून दोन्हींचा चुराडा झाला. बावीस हिरवे, बाकी करडे. मग तिने प्रत्येकाला पुढे बोलण्याआधी कमीजास्त थांबायला लावलं. एकोणचाळीस हिरवे झाले. चाळिसावा मात्र दहातल्या चार वेळा करडाच. त्याला शेजारी एकच, तोही लांबचा. त्याचं पॅकेट हुकलं की दुसरं सांगणारं कोणी नाही. वळणावर आणखी एक यंत्र हवं होतं.

"तीन महिने कुठे होतं हे शहाणपण?" तिचं संशोधन पाहणाऱ्या सरांनी चष्मा काढला.

"चुकले, सर. पण खाणवाल्यांना कळवायला हवं."

"त्यांना अंग काढून घ्यायला निमित्तच हवंय. आधी चाळीस बसू देत. एक यंत्र मागाहून वाढवू."

"आणि नाही वाढवलं तर? माझा दादा आहे तिथे."

"मग तर नीट विचार कर. पत्र गेलं की चाळीसही गेली समज."

तिने पत्र पाठवलं. शनिवारी दोन ओळींचं उत्तर आलं: निष्कर्ष भरवशाचे नसल्यामुळे काम थांबवत आहोत.

सोमवारी दुपारपाळीला निघताना दादा बुटाची नाडी बांधत होता. "काय गं प्रोफेसर, आज तुझी यंत्रं यायची होती ना? मुकादम म्हणाला, कुणीतरी खोट काढली."

"मीच काढली." तिने सगळं सांगितलं.

"बसली असती तर किती जागी ऐकू आलं असतं?"

"आधीच्या प्रोग्रॅमने बावीस. दुरुस्त केल्यावर एकोणचाळीस तरी."

"आणि आता?"

"कुठेच नाही."

"म्हणजे होतं तसंच." तो हसला. हेल्मेट उचललं. "खोटं बोलली नाहीस, ते बरं केलंस."

रोज निघताना तो तिच्या डोक्यात टपली मारायचा. आज तसाच गेला.