पायरीवरचा मग

शनिवारी दुपारी डोरोथी हॅम्लिनबाईंच्या दिवाणखान्यात काळ्या-गोऱ्यांच्या एकत्र पक्षाच्या शाखेची बैठक भरे, आणि बैठकीआधी चहा होई. नाताल प्रांतातल्या त्या गोऱ्या गावात हे एकच घर असं, जिथे गोरा वकील, हिंदी दुकानदार आणि झुलू शेतकरी एकाच किटलीतला चहा एकसारख्या निळ्या फुलांच्या कपांतून पीत. रस्त्यापलीकडे गाडीत साध्या कपड्यांतले पोलीस बसलेले असत. त्यांनाही बाई हात करत.

जोसेफा मदाकाने हे झुलू गृहस्थ शाखेचे उपाध्यक्ष. एरवी काळ्या माणसाला गोऱ्याच्या घरी चहा मिळायचा तो मागच्या पायरीवर, पत्र्याच्या मगात. तो मग घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून मोरीपाशी वेगळा ठेवायची रीत. पहिल्याच बैठकीत बाई म्हणाल्या होत्या, "माझ्या घरी आता तो मग नाही."

जोसेफा आपल्या खुझेनी गावच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन करत. करत कसलं, गात. त्या पहिल्या बैठकीनंतरच्या रविवारी त्यांनी 'देवाघरी प्याला एकच' हे पद लावलं आणि बायाबापड्यांनी टाळ्यांवर ध्रुपद उचललं. ऐकणाऱ्याचं काळीज विरघळावं असा तो गळा. पुढे सगळं खुझेनी पक्षात आलं.

त्याला कारणही होतं. जोसेफांच्या आजोबांनी रोख पैसे मोजून घेतलेली ही जमीन सरकारी नकाशावर 'काळा ठिपका' होती, गोऱ्यांच्या मुलखात अडकलेलं काळ्यांचं गाव. असे ठिपके पुसायचे ठरले होते. पक्षाने वकील उभे केले, वर्तमानपत्रांत लिहिलं, म्हणून लोकांना उचलून न्यायला येणारे सरकारी ट्रक लांबले. आपलं कुणीतरी आहे, असं लोकांना वाटू लागलं.

मग एकोणीसशे अडुसष्ट साली कायदा आला. गोऱ्या-काळ्यांनी एका पक्षात राहणं गुन्हा ठरला. शेवटच्या बैठकीत हिंदी दुकानदार म्हणाला, "वेगळं होऊन जगण्यापेक्षा एकत्र मेलेलं बरं." सगळ्यांनी हात वर केले. पक्ष मिटला. बाईंनी जोसेफांचे दोन्ही हात धरले. "बाबा, पक्ष गेला, माणसं नाही गेली. ट्रक आले तर मी तुमच्या दारात उभी असेन."

ट्रक येणार असल्याचं कळलं तेव्हा जोसेफा बाईंकडे गेले. व्हरांड्यात बाईंचे जावई बसले होते. खिडकीतून बाईंनी खुणावलं, मागून या.

मागच्या पायरीवर बाई उभ्यानेच बोलल्या. "बाबा, बंदीहुकूम आला तर मला घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. नातवंडं दुरावतील."

"बाई, मी तुरुंगात चला म्हणत नाही. दारात उभं राहा म्हणतोय. गोरं माणूस बघत असलं की पोलिसांचा हात जरा आखडतो. आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत."

"मी देवाकडे मागेन तुमच्यासाठी."

"देवाकडे आम्हीही मागतो, बाई. तुमच्याकडे दुसरं काहीतरी मागायला आलो होतो."

बाई आत गेल्या. ॲग्रिनेथ चहा घेऊन आली. जोसेफांची धाकटी बहीण, या घरची स्वयंपाकीण. तिच्या हातात पत्र्याचा मग होता, काठाला टवका उडालेला.

"हा तर फेकला होता ना?"

"कोण म्हणालं? माझा आहे हा, दादा."

"तुझा?"

"मग मी कशात पिते, असं वाटलं तुला? तुम्ही आत भाषणं करायचात, मी इथे बसून ऐकायचे. तुझा आवाज पार इथवर यायचा."

"मला कधी बोलली नाहीस."

"मी किटली आत आणून ठेवताना तू कधी वर पाहिलंस? पी आता, निवतोय."

जोसेफांनी मग पायरीवर ठेवला, न पिता. "यातून मी पिणार नाही. आणि तूही पिऊ नकोस."

"आणि हे काम सोडून खाऊ काय?" ती म्हणाली, आणि मग उचलून आत गेली.

ट्रक आले. पोलिसांनी माणसांआधी कुत्री मारली. लोक अंगणात जमून पद गात होते; प्रार्थनामंदिराचं छप्पर जमिनीवर बसलं तेव्हा एक आंधळी आजी विचारत होती, गाणं का थांबलं. टेकडीच्या वळणावर बाईंची गाडी दिसली. लोक तिकडे पाहू लागले. गाडी थांबली. काच खाली झाली नाही. थोड्या वेळाने ती माघारी वळली.

त्याच वाटेने ॲग्रिनेथ चालत आली, डोक्यावर गाठोडं घेऊन. "काम सोडलं," एवढंच म्हणाली आणि भावाशेजारी ट्रकमध्ये चढली.

उघड्या माळावर पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. त्या हिवाळ्यात आंधळी आजी गेली, आणि तिच्यामागे बरीच लहान पोरं. तिथल्या पहिल्या रविवारी जोसेफा प्रवचनाला उभे राहिले. जुनं पद त्यांनी लावलं नाही. ते नुसतेच बोलले. "आपला पक्ष सरकारने मारला, हे खरं. पण मी सांगत होतो की प्याला एकच आहे, आणि माझी बहीण भिंतीपलीकडे पायरीवर बसली होती. मी उठून पाहिलं नाही." मग त्यांनी खोलीतल्या एकुलत्या एक कपात चहा ओतला आणि तो आधी ॲग्रिनेथच्या हातात दिला. जुन्या पदाचं ध्रुपद तिनेच उचललं.

डोरोथीबाई वाईट नव्हत्या. रोज रात्री त्या खुझेनीसाठी प्रार्थना करत, आणि ती मनापासूनची असे. भल्या माणसांच्याच घरांत असे मग टिकतात. उद्या सकाळी तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना चहा द्याल, तेव्हा कप कुठून काढता, तेवढं पाहा.